ठकीसाठी जुनी फळी

कुत्र्यांच्या अ‍ॅजिलिटीचं म्हणजे उड्या, बोगदे, फळ्या असे अडथळे धावत पार करायच्या खेळाचं सामान नवंकोरं घ्यायचं म्हटलं की आधी पैशाचा प्रश्न येतो आणि लगेच पाठोपाठ ठेवायचं कुठे याचा. स्पर्धेच्या मापाचं चांगलं सामान बहुतेक करून युरोप-अमेरिकेत तयार होतं. बारा फुटी फळ्या, वीस फुटी बोगदा, लोखंडी पाये असा ऐवज तिथून मागवायचा, तर वस्तूपेक्षा तिच्या प्रवासाचाच खर्च डोळ्यांवर येतो. त्यामुळे आपल्याकडे ज्यांना ही हौस आहे ते एक तर सुताराकडून, फॅब्रिकेशनवाल्याकडून करून घेतात, नाही तर कुणाचं तरी वापरलेलं विकत घेतात. मी दोन्ही केलं. पण जीव गुंतला तो जुन्या सामानात. ते कसं पारखायचं हे मला मनापासून सांगायचंय, कारण इथे माणसाने चार पैसे चुकीच्या ठिकाणी वाचवले तर ते कुत्र्याच्या सांध्यांतून वसूल होतात.

आमची ठकी गावठी. रंगाने तांबूस, छाती खोल, कंबर बारीक, खांद्यापाशी उंची ४६ सेंटीमीटर. बाणेरकडच्या एका बांधकामाच्या जागेवरून ती आमच्याकडे आली तेव्हा वर्षा-दीड वर्षाची असावी. कुठे पत्रा वाजला की पलंगाखाली शिरायची आणि जेवायलासुद्धा बाहेर यायची नाही. लिफ्ट थरथरली, गच्चीतली सुटलेली लादी पायाखाली डुगडुगली की चारी पाय ताठ. तिला ढाली आणि करंडक मिळवून द्यावेत असं माझ्या मनातही नव्हतं. हलणाऱ्या वस्तूवर उभं राहता येतं, मोठा आवाज झाला तरी आपल्याला काही होत नाही, आणि शेजारचं माणूस ‘चल’ म्हणतं तेव्हा पुढे खरंच धोका नसतो, एवढं तिला कळावं म्हणून हा खटाटोप. सगळं मिळून पंधरा हजारांच्या वर जायचं नाही, असं घरात ठरलं होतं.

हा खेळ तसा फार जुना नाही. १९७८ साली लंडनच्या ऑलिंपिया सभागृहात क्रफ्ट्सचं श्वानप्रदर्शन भरलं होतं. मुख्य कार्यक्रमांच्या मधल्या वेळेत प्रेक्षकांसाठी काहीतरी हवं होतं. आयोजन समितीतल्या जॉन व्हार्ली यांनी घोड्यांच्या उड्यांच्या स्पर्धांवरून कल्पना काढली आणि पीटर मीनवेल या प्रशिक्षकाने ती कुत्र्यांच्या मापात बसवली. लोकांना ती इतकी आवडली की दोनच वर्षांत, १९८० मध्ये, ब्रिटनच्या केनेल क्लबने या खेळाला रीतसर मान्यता दिली. पुढे १९९६ मध्ये पहिली जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली. मला यातली सुरुवातच सगळ्यात आवडते. खेळच नवा, म्हणजे त्याचं सामान कुठल्या दुकानात मिळणार? ते कुणीतरी बसून घडवलंच असणार. आपण सव्वा इंची पाइप कापत बसतो तेव्हा या खेळाच्या मूळ रीतीनेच चाललेलो असतो.

जुनं सामान घेणाऱ्याला हा इतिहास माहीत हवा, त्याला व्यवहारी कारणही आहे. या चार दशकांत मापं आणि नियम बदलत गेले, आणि त्यांतले बरेच बदल कुत्र्यांना दुखापती झाल्यामुळे झाले. बाजारात स्वस्तात येणारं सामान पुष्कळदा आधीच्या नियमांचं असतं. वीव्ह पोल घ्या. कुत्र्याने नागमोडी वळणं घेत ज्या उभ्या काठ्यांमधून जायचं, त्या. पूर्वी दोन काठ्यांमधलं अंतर पन्नास-पंचावन्न सेंटीमीटरच्या आसपास असायचं. वेगात धावणाऱ्या मोठ्या कुत्र्याच्या पाठीला त्यात नको तेवढा पीळ पडतो म्हणून २०१० च्या सुमाराला ते ६० सेंटीमीटर झालं. या काठ्या बसवलेली जुन्या मापाची लोखंडी पट्टी कुणी निम्म्या किमतीत देत असेल तर टेप लावून बघायचं आणि सोडून द्यायचं. तीच गत कापडी बोगद्याची. एक पिंप, त्याला मागे लोंबणारी कापडाची लांब पिशवी, कुत्र्याने आंधळेपणाने आत घुसून डोक्याने कापड उचलत बाहेर यायचं. पाय अडकून, कापड ओलं होऊन अंगाला गुंडाळून कुत्री पडायला लागली, तेव्हा २०१६ मध्ये अमेरिकन केनेल क्लबने तो स्पर्धांतून काढून टाकला आणि पाठोपाठ इतरांनीही. पण जुन्या संचांत तो अजून सापडतो, आणि विकणारा सांगतो, “यावर एक वस्तू फ्री.”

आमचं सामान मिळालं ते तळेगावला, एका निवृत्त गृहस्थांच्या शेडमध्ये. त्यांनी हौसेने दोन लॅब्रॅडॉर तयार केले होते. थोरला गेला. धाकटा आता म्हातारा झालेला, मागच्या पायांनी अधू. सामान दोन पावसाळे ताडपत्रीखाली पडून होतं.

“सगळंच घेऊन जा, सुटं नको,” काका म्हणाले.

“काका, आधी नीट बघू दे. मग बोलू.”

“बघा की. उत्तम आहे. आत्ताच रंग दिलाय.”

ताजा रंग दिसला की मी फळी आधी उलटी करते. वरच्या बाजूला विकणाऱ्याचा हात फिरलेला असतो, खालची बाजू आहे तशी असते. सीसॉची, म्हणजे मधल्या आसावर वर-खाली होणाऱ्या अडथळ्याची, ती फळी बारा फुटी, फूटभर रुंद, प्लायची. आम्ही दोघांनी मिळून ती पालथी घातली. किल्लीच्या टोकाने मी एका टोकापासून ठोकत गेले. चांगलं लाकूड टणक वाजतं. आवाज बसका आला की आत पाणी मुरलंय किंवा वाळवी लागलीये. फळीची टोकं सगळ्यात आधी कुजतात, कारण तिथे कापलेली कड उघडी असते आणि सीसॉचं टोक तर दर वेळी जमिनीवर आपटतं. या फळीचं एक टोक चार बोटं मऊ झालं होतं, प्लायचे पापुद्रे सुटायला लागले होते. बाकीची फळी चांगली. मध्यभागी मी स्वतः उभी राहिले. किंचित लवली, पण कुरकुरली नाही.

मग आसाचा बोल्ट. फळी दोन्ही हातांनी धरून आडवी हलवली तर ती डावी-उजवीकडे अंगठाभर सरकत होती. भोक झिजून लांबट झालं होतं. माणसाला हे क्षुल्लक वाटतं. कुत्र्याला नाही. त्याच्याकडून आपण फळी वर-खाली होणं पचवायला सांगतो, त्यात ती बाजूलाही सरकली तर त्याने विश्वास ठेवायचा तो कशावर? ठकीसारखं भित्रं कुत्रं असेल तर एकाच वेळेत खेळ संपतो.

“काकू, एक किलो साखरेची पिशवी मिळेल का?” मी विचारलं.

काकू चहा घेऊन आल्या होत्या. त्यांना वाटलं साखर कमी पडली. पण ही सीसॉची कसोटीच आहे. वर गेलेल्या टोकाकडच्या रंगीत पट्ट्यावर किलोभर वजन ठेवायचं. फळी आपसूक खाली आली पाहिजे, आणि साधारण तीनेक सेकंदांत जमिनीला टेकली पाहिजे. फार सावकाश आली तर हलकं कुत्रं टोकाला जाऊन अधांतरी उभं राहतं आणि वैतागून वरूनच उडी मारतं. धाडकन आली तर खालून दणका बसतो, खांद्याला आणि मनाला, दोन्हींना. काकांची फळी साखरेसकट अर्ध्यावर येऊन थांबली. आस गंजला होता. काका स्वतःच म्हणाले, “हे काही बरोबर नाही,” आणि आतून तेलाची कुपी घेऊन आले. तेल घातल्यावर फळी खाली आली खरी, पण खरखरत. लेथवाल्याकडून नवीन बुश, म्हणजे बोल्टभोवती बसणारी नळी, आणि बोल्ट करून घ्यायचा, टोकाचा कुजका भाग कापून तेवढीच दुसऱ्या टोकाचीही लांबी कमी करायची, म्हणजे तोल राहील, असा हिशेब आम्ही दोघांनी तिथेच कागदावर मांडला आणि तेवढे पैसे किमतीतून वजा केले. अर्धा फूट लांबी गेली तर स्पर्धेत ती चालणार नाही. सरावाला काही बिघडत नाही.

फळीच्या पृष्ठभागाबद्दल एक सांगायला हवं. पूर्वी रंगात बारीक वाळू मिसळून तो खरखरीत करत. वाळू झिजते, रंग राहतो, आणि वर नवा रंग चढवला की फळी काचेसारखी होते. आता चांगल्या सामानाला रबराच्या बारीक दाण्यांचा थर असतो. जुन्या फळीवर ओला फडका फिरवायचा आणि तळहात दाबून पुढे ढकलायचा. हात सरकला तर पायही सरकणार. काकांची फळी सरकणारीच होती. पण हे काम घरी करता येतं, म्हणून मला त्याची भीती नव्हती.

बोगदा मात्र घरी करता येत नाही. जुन्या सामानात तो चांगला मिळाला तर मी आणखी दोन पैसे जास्त देईन. स्पर्धेच्या बोगद्याचा व्यास ६० सेंटीमीटर असतो, लांबी तीन ते सहा मीटर, जाड पीव्हीसीचं कापड आणि त्यात जवळजवळ फिरवलेली तारेची स्प्रिंग. तारेचे वेढे जितके जवळ तितका बोगदा भरीव, कारण कुत्रं आत तळावरून सरळ धावत नाही, वळणावर ते भिंतीवर चढून धावतं. लहान मुलांचे खेळण्यातले बोगदे मिळतात ते या कामाचे नाहीत. पिल्लाला अंधाऱ्या जागेतून जायची ओळख करून द्यायला ठीक आहेत, पण १८-२० किलोंचं कुत्रं वेगात शिरलं की ते बोगद्यासकट गडगडतं.

काकांचा बोगदा पाच मीटरचा, निळा. मी त्यात खांद्यापर्यंत हात घालून तारेवरून बोटं फिरवत गेले, मग दुसऱ्या बाजूने ओणवी होऊन आत शिरले. हे करायलाच हवं. बाहेरून ठीक दिसणाऱ्या बोगद्यात आतल्या बाजूला शिवण उसवून तारेचं टोक वर आलेलं असतं आणि ते नेमकं कुत्र्याच्या डोळ्याच्या उंचीवर असतं. दोन ठिकाणी शिवण उसवली होती, तार बाहेर नव्हती. मग नखाने कापड खरवडलं. उन्हाने मेलेल्या पीव्हीसीची वरची साय सुटते, खाली नुसते धागे दिसतात. ताडपत्रीखाली राहिल्यामुळे हे कापड जिवंत होतं. मी आतून बाहेर येते तो त्यांचा म्हातारा लॅब्रॅडॉर लंगडत आला, त्याने बोगद्याच्या तोंडाचा वास घेतला, आत दोन पावलं गेला आणि तिथेच पसरला. आम्ही त्याला उठवलं नाही. चहा दुसऱ्यांदा झाला.

चार जंपही होते, पीव्हीसी पाइपचे. त्यांचे उभे खांब चांगले, पण कुणीतरी खांबाला आरपार भोकं पाडून आडवी दांडी त्यांतून ओवली होती. म्हणजे कुत्र्याचा पाय लागला तर दांडी पडणारच नाही, कुत्रं पडेल. जंपचा सगळा अर्थच त्या दांडीच्या पडण्यात आहे. ती उथळ खाचेवर नुसती टेकलेली असावी, नुसत्या धक्क्याने खाली यावी. पोलीस आणि सैन्यातल्या कुत्र्यांना पक्क्या भिंती ओलांडायला शिकवतात, ते त्यांच्या कामासाठी, त्यांच्या तयारीने. घरच्या कुत्र्याला तसला अडथळा देण्याचं काहीच कारण नाही. मी भोकं बुजवून त्यांना बाहेरून अर्ध्या कापलेल्या पाइपच्या खाचा लावल्या. पिवळट पांढऱ्या पडलेल्या दोन दांड्या मात्र टाकून दिल्या. उन्हात वर्षानुवर्षं राहिलेला पीव्हीसी ठिसूळ होतो आणि तुटताना त्याचे सुऱ्यासारखे तुकडे होतात.

सीसॉ, बोगदा आणि चार जंप मिळून नऊ हजारांत ठरलं. उरला तो कापडी बोगदा.

“हा असाच न्या, पैसे नकोत.”

“नको काका. आणि कुणाला देऊही नका.”

मी कारण सांगितलं. त्यांनी ते शांतपणे ऐकून घेतलं, थोरल्याला एकदा त्यात गुदमरायला झालं होतं हे आठवून सांगितलं, आणि काकूंकडून कात्री मागवून कापड पिंपापासून तिथल्या तिथे कापून काढलं. त्या माणसाबद्दल मला तेव्हा जो आदर वाटला तो आजही आहे.

उरलेलं सामान पुण्यात जमवलं. रविवार पेठेत बोहरी आळीत नटबोल्ट, चेन, कोपऱ्याच्या पट्ट्या असलं सगळं किलोवर मिळतं. भवानी पेठेतल्या टिंबर मार्केटमध्ये प्लायचे उरलेले तुकडे स्वस्तात मिळाले. सेंट्रिंगच्या जुन्या फळ्याही पुष्कळजण सुचवतात, आणि त्या मजबूत असतात हेही खरं, पण त्यांत खिळ्यांची मोडकी टोकं राहिलेली असतात आणि सिमेंटचे खडे पंजाला बोचतात. रंधा मारून, लोहचुंबक फिरवून घेतल्याशिवाय मी त्यांवर कुत्र्याला चढवणार नाही. वीव्ह पोलसाठी फॅब्रिकेशनवाल्याकडून दीड फूट लांबीचे सळईचे तुकडे टोकदार करून घेतले. ते जमिनीत ठोकायचे आणि वर पाइप घालायचा. सळईचं वरचं टोक पाइपच्या आत झाकलं जातं, पाइपला वरून टोपी. अंतर हवं तेवढं ठेवता येतं, आणि सुरुवातीला दोन रांगा करून मधून सरळ बोळ ठेवता येतो. तो हळूहळू अरुंद करत नेला की कुत्रं आपोआप वळायला शिकतं. सहा काठ्यांचा हा संच कुठल्याही जुन्या लोखंडी पट्टीपेक्षा सरस झाला असं माझं मत आहे.

टायरचा प्रश्न सुटला आमच्या कोपऱ्यावरच्या पंक्चरच्या दुकानात. तिथे काम करणाऱ्या मुलाला मी स्कूटरचं जुनं टायर मागितलं. दोरीला टांगलेल्या टायरमधून उडी मारणारं कुत्रं आपण सगळ्यांनी कुठे ना कुठे पाहिलेलं असतं. मुलाने विचारलं कशाला, आणि ऐकल्यावर म्हणाला, “ताई, आतली कड बघा.” त्याने एका फाटक्या टायरची कड कापून दाखवली. आत पोलादी तारांची जुडी. टायर झिजलं की त्या बाहेर येतात. शिवाय टायर जड, कुत्र्याचा पाय अडकला तर ते नुसतं झुलतं, सुटत नाही. म्हणून तर आता बऱ्याच संघटनांनी धक्का लागताच दोन भागांत उघडणारं टायर सक्तीचं केलंय. आम्ही दोघांनी मिळून वळ्यावळ्यांच्या प्लॅस्टिक पाइपचं एक कडं केलं, वर-खाली कापून दोन्ही जोडांवर वेल्क्रोची पट्टी लावली. हिसका बसला की उघडतं. फोमची पट्टी गुंडाळल्यावर ते दिसायलाही टायरसारखं झालं.

आता एक गोष्ट जी जुन्या सामानाबद्दल बोलताना कुणी काढत नाही आणि आपल्या हवेत ती सगळ्यात महत्त्वाची आहे. गोचीड. कुत्र्यांवरची तपकिरी गोचीड अंगावरून उतरून भेगांत, घड्यांत लपते आणि काही न खाता महिनोन् महिने जगते. बोगद्याच्या घड्या, फळीच्या भेगा, पोत्यांच्या शिवणी, या सगळ्या तिच्या जागा. टिक फीव्हरने हसतंखेळतं कुत्रं कसं आठ दिवसांत जमिनीला चिकटतं हे ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आणि पार्व्हो या कुत्र्यांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणूही सावलीतल्या धुळीत कित्येक महिने टिकतो, साध्या फिनेलला तो दाद देत नाही. म्हणून घरी आणलेलं सामान आधी आत घ्यायचंच नाही. साबणाच्या पाण्याने माती पूर्ण काढायची, कारण मातीवर ब्लीच काम करत नाही. मग एक भाग घरगुती ब्लीच आणि तीस भाग पाणी असं मिश्रण लावून दहा मिनिटं ओलं ठेवायचं, स्वच्छ धुवायचं आणि कडक उन्हात वाळवायचं. ब्लीचने गोचीड मरेलच असं नाही. त्यासाठी भेगा उकळत्या पाण्याने भाजायच्या आणि जनावरांच्या डॉक्टरांना विचारून कुत्र्याच्या अंगावरचं औषध चालू ठेवायचं. बोगदा गच्चीवर पूर्ण ताणून ठेवला तेव्हा शेजारच्या आजी विचारायला आल्या की हे पाणी कुठून कुठे नेणार आहात. त्यांना सगळं समजावलं, तर दुसऱ्या दिवशी त्यांनी जुनी नऊवारी आणून दिली, वाळूच्या पिशव्या शिवायला. बोगदा दोन्ही बाजूंनी अशा पिशव्यांनी धरून ठेवावा लागतो, नाही तर कुत्र्याबरोबर तोही पळतो.

रंगाचं थोडक्यात. कुत्र्यांना निळा आणि पिवळा नीट ओळखू येतो, लाल आणि हिरव्यात गोंधळ होतो. हिरवळीवर लाल दांडी आपल्याला उठून दिसते, कुत्र्याला ती गवतात मिसळलेली वाटते. जुन्या जंपवर लाल-पांढरे पट्टे असतील तर लालवर पिवळी किंवा निळी टेप गुंडाळावी. खर्च नगण्य.

आणि एका वस्तूबद्दल मी ठाम आहे. ए-फ्रेम, म्हणजे दोन रुंद उतारांचा तो डोंगर, जुना घेऊ नये. निदान सुरुवातीला नाही. १७० सेंटीमीटर उंचीवरून कुत्रं धावत खाली येतं आणि सगळा भार पुढच्या पायांवर पडतो. त्याची बिजागरी आणि दोन्ही उतार धरून ठेवणाऱ्या साखळ्या आतून किती झिजल्यात हे साध्या डोळ्यांना कळत नाही, आणि स्वस्तातला ए-फ्रेम बहुतेक वेळा त्यामुळेच स्वस्त असतो. गावठी कुत्रं कंपाउंडची भिंत सहज ओलांडतं हे मलाही माहीत आहे. पण भिंत ते स्वतःच्या मर्जीने, एखाद्या वेळी ओलांडतं. आपण त्याला तीच गोष्ट रोज, पुन्हा पुन्हा करायला लावणार असतो.

ठकीची सीसॉशी ओळख करून द्यायला मला घाई नव्हती. बुश बसवून आणल्यावर, रबराचे दाणे चिकटवल्यावर फळी आधी पायावरून काढून नुसती जमिनीवर ठेवली. तिने वास घेतला. त्या फळीवर दोन लॅब्रॅडॉरांची सगळी कहाणी असणार, धुतली तरी. मग फळीखाली मधोमध एक बारीक दांडकं, म्हणजे जेमतेम बोटभर हलेल. दोन्ही टोकांखाली जुनी गादी, आवाज होऊ नये म्हणून. पुढचा एक पाय ठेवला की खाऊ. फळी हलली की खाऊ. हळूहळू तिला समजलं की फळी हलते ती तिच्यामुळे. हे समजणं मी समोर बसून पाहिलंय. पाय ठेवायचा, फळी खाली जायची, पाय काढायचा, फळी वर यायची. मग माझ्याकडे न बघता तिने तो पाय परत ठेवला. परत काढला. परत ठेवला. खाऊ संपला होता, ती थांबली नव्हती. ज्या कुत्रीला डुगडुगणाऱ्या लादीची दहशत होती, ती मुद्दाम आवाज काढायला लागली होती. गादी काढल्यावर पहिल्यांदा लाकूड जमिनीवर वाजलं तेव्हा ती दचकली, कान मागे गेले, आणि पुन्हा चढली. आता ती पूर्ण उंचीवरून जाते, मध्यावर थांबून तोल बघते आणि टोक टेकल्यावर खाली उतरते. सोसायटीत कुणी पत्रा वाजवला तर अजूनही पलंगाखाली जाते. पण जेवायला बाहेर येते.

सामान आम्ही बाणेरला एका ओळखीच्यांच्या रिकाम्या प्लॉटवर मांडतो. पार्किंगच्या काँक्रीटवर उड्या मारून चालत नाही, माती किंवा गवतच हवं. उन्हाळ्यात सकाळी सातच्या आत आटपावं लागतं, नंतर रबराचा थर तापून पंजे भाजतात. चार जंपपैकी दोन मी त्या पंक्चरच्या दुकानातल्या मुलाला दिले. त्याच्याकडे रस्त्यावरून उचललेलं काळं पिल्लू आहे, आमच्या सरावाच्या वेळी ते घेऊन तो यायला लागला. पैसे किती द्यायचे हे त्याने दोनदा विचारलं. त्याऐवजी बोगद्याची उसवलेली शिवण त्याने ट्यूबच्या सोल्युशनने आणि ठिगळाने बसवून दिली, आणि ती शिवणीपेक्षा पक्की बसली आहे.

अट एकच घातली. त्याचं पिल्लू सात महिन्यांचं. हाडांची वाढ पुरी व्हायला कुत्र्याला वर्ष ते दीड वर्ष लागतं, मोठ्या अंगाच्या कुत्र्यांना जास्तच. स्पर्धेतही दीड वर्षाच्या आत बहुतेक ठिकाणी उतरवत नाहीत. तेव्हा दांडी तूर्तास जमिनीवर ठेवायची, पिल्लाने ती नुसती ओलांडायची. “मग खांब कशाला दिले, ताई?” असं त्याने विचारलं. मी म्हटलं, खांबांच्या मधून सरळ जायला शिकू दे आधी. तो रोज शिकवतोय. दिवाळीनंतर दांडी घोट्याएवढी वर घ्यायचं ठरलंय, आणि तोवर तळेगावच्या काकांना फोन करून विचारायचंय की त्यांच्याकडे जंपचे आणखी खांब कुठे पडलेत का.